हायड्रोजनची मोटार आणि स्वदेशीचा हिशेब

४ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि प्रल्हाद जोशी यांनी टाटा मोटर्सच्या हायड्रोजनवर चालणाऱ्या अवजड ट्रकांना हिरवा झेंडा दाखवला. एकूण १६ ट्रक देशाच्या प्रमुख मालवाहतूक मार्गांवर दोन वर्षांपर्यंत धावावेत आणि त्यांचा कस लागावा, अशी ही योजना. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाखाली त्याच सुमारास मंजूर झालेल्या पाच प्रायोगिक प्रकल्पांत बस व ट्रक मिळून ३७ वाहने आणि ९ इंधन केंद्रे आहेत. त्या ३७ पैकी २२ वाहने इंजिनात थेट हायड्रोजन जाळणारी आहेत. निवडलेल्या दहा मार्गांमध्ये पुणे-मुंबई हा एक मार्ग आहे. मुंबईची खाडी ओलांडली की हा मार्ग वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर, कळंबोली असा नवी मुंबईच्या अंगणातूनच पुढे द्रुतगती महामार्गाला मिळतो. त्यामुळे हायड्रोजनच्या इंजिनाचे पुढे काय होणार, हा प्रश्न या नगरीच्या दारात येऊन उभा राहिला आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

तसा हा वायू या परिसराला नवा नाही. खाडीपलीकडे माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने गंधक काढून टाकण्यासाठी रोज हायड्रोजन वापरतात. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खतकारखाना नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढूनच अमोनिया आणि युरिया तयार करतो. ठाणे-बेलापूर मार्गावर घणसोली येथे ज्या रिलायन्स उद्योगसमूहाचे विस्तीर्ण कार्यालयीन संकुल आहे, त्याच समूहाने अशोक लेलँडच्या साहाय्याने हायड्रोजन इंजिनाचा अवजड ट्रक सिद्ध केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूच्या भारत ऊर्जा सप्ताहात तो पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत देशासमोर आणला. न्हावा शेवा बंदरातून रात्रंदिवस निघणाऱ्या कंटेनरवाहू ट्रकांच्या रांगा तर प्रत्येक पनवेलकर रोज पाहतो. विषय घरातलाच आहे.

मात्र घराघरांत चर्चा चालते ती ट्रकची नव्हे, मोटारीची. नेरुळ-खारघरच्या मध्यमवर्गीय कुटुंबात नवी गाडी घ्यायची वेळ आली की कोणीतरी म्हणतेच, ‘‘थोडे थांबा, आता हायड्रोजनची गाडी येणार आहे.’’ त्यातच भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या चित्रफितींमध्ये ‘पाण्यावर चालणाऱ्या’ मोटारीचे चमत्कार दाखवले जातात आणि हे भारतीय संशोधन परकीय तेल कंपन्यांनी दडपून टाकले, अशी पुष्टीही जोडली जाते. राष्ट्रप्रेमी माणसाला हे ऐकायला गोड वाटते, आणि नेमकी तेथेच सावधगिरी हवी. पाणी हे इंधन नव्हे. ते हायड्रोजन जळून गेल्यानंतर उरलेले द्रव्य आहे. त्यातून पुन्हा हायड्रोजन काढायचा तर जाळून मिळाली त्यापेक्षा अधिक ऊर्जा खर्चावी लागते. तमिळनाडूच्या रामर पिल्लेने १९९६ मध्ये वनौषधीपासून पेट्रोल केल्याचा दावा केला तेव्हाही देश असाच हुरळला होता. २०१६ मध्ये न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल शिक्षा सुनावली. स्वदेशीची हानी परकीयांनी जेवढी केली, त्याहून कमी हानी अशा भाबड्या टाळ्यांनी केलेली नाही.

आणखी एक घोटाळा दूर केला पाहिजे. मार्च २०२२ मध्ये गडकरी ज्या हायड्रोजन मोटारीतून संसदेत गेले ती जपानी बनावटीची टोयोटा मिराई. तिच्यात इंजिन नाही. तिच्यातील फ्युएल सेल हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज निर्माण करतो आणि त्या विजेवर चाके फिरतात. रिलायन्सच्या त्या ट्रकमध्ये मात्र सिलिंडर, दट्ट्या, झडपा असे नेहमीचे इंजिन आहे, फक्त डिझेलच्या जागी हायड्रोजन जळतो. पहिला प्रकार अधिक कार्यक्षम, पण त्याला प्लॅटिनमसारखा दुर्मिळ धातू आणि अतिशुद्ध वायू लागतो. दुसरा प्रकार तुलनेने रांगडा, स्वस्त आणि भारतीय कारागिराच्या हाताला परिचित.

या दुसऱ्या प्रकाराचे आकर्षण समजण्यासारखे आहे, आणि ते केवळ भावनिक नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. त्या परावलंबनातून सुटण्याचा आज जो राजमार्ग सांगितला जातो तो विजेच्या मोटारींचा. पण त्यांच्या बॅटरीतील सेल आणि त्यासाठी लागणारी शुद्ध केलेली खनिजे यांच्या बाजारावर चीनची घट्ट पकड आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि भारतीय वाहन उद्योगाची झोप उडाली. अरबांच्या दारातून उठून बीजिंगच्या दारात जाऊन बसणे याला स्वावलंबन कसे म्हणावे? हायड्रोजनच्या इंजिनाला लिथियम लागत नाही, प्लॅटिनम लागत नाही, ती चुंबकेही लागत नाहीत. कोल्हापूरच्या ओतशाळांत इंजिनाचे सांगाडे ओतले जातात, पिंपरी-चिंचवडच्या लहान लहान कारखान्यांत त्यांचे भाग घडवले जातात. या कारागिरीवर लक्षावधी घरांची चूल पेटते. इंजिन राहिले तर ही कारागिरी राहील. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंचाची स्थापना केली. स्वदेशी म्हणजे केवळ परदेशी साबण न वापरणे नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. तंत्रज्ञान निवडताना देशाचे हात रिकामे होणार की कामाला लागणार, हे पाहणे त्यात ओघानेच आले.

या विषयात भारतीय संशोधक मागे होते असेही नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. ओंकारनाथ श्रीवास्तव यांनी धातूंच्या भुकटीत हायड्रोजन शोषून घेऊन साठवण्यावर उभे आयुष्य वेचले आणि त्यावर दुचाकी, तीनचाकी चालवून दाखवल्या. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२१ च्या महामारीत ते गेले. दिल्लीच्या आयआयटीत प्रा. एल. एम. दास यांनी हायड्रोजन इंजिनावर अनेक दशके काम केले. २०१२ मध्ये महिंद्र कंपनी आणि आयआयटी दिल्ली यांच्या सहकार्याने ‘हायअल्फा’ नावाच्या हायड्रोजनच्या १५ रिक्षा दिल्लीच्या प्रगती मैदानात धावल्या. त्या फ्युएल सेलच्या नव्हत्या, इंजिनाच्याच होत्या. वाजपेयी सरकारच्या काळात, २००३ मध्ये राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळ स्थापन झाले. पुढे २००६ मध्ये, संयुक्त पुरोगामी आघाडीच्या राजवटीत, या मंडळाचा आराखडा स्वीकारला गेला. २०२० पर्यंत देशाच्या रस्त्यांवर हायड्रोजनची दहा लाख वाहने आणण्याचे उद्दिष्ट त्यात होते. २०२० उजाडले तेव्हा दहा लाख दूरच, बोटांवर मोजण्याइतकी प्रायोगिक वाहने सोडली तर रस्त्यावर काहीही नव्हते. याचे खापर एखाद्या सरकारच्या माथी फोडणे सोपे आहे. वस्तुस्थिती अशी की उद्दिष्ट ठरवताना कोणी बेरीज-वजाबाकी केलीच नव्हती. ती आता तरी केली पाहिजे.

पहिली अडचण जागेची. नवी मुंबईत सीएनजीच्या गाड्या घरोघर आहेत, म्हणून त्यांचेच उदाहरण घ्यावे. मागच्या डिकीत बसणारी ६० लिटर पाण्याच्या मापाची टाकी वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने भरली की तिच्यात नऊ-दहा किलो सीएनजी मावतो आणि लहान गाडी दोनशे किलोमीटरच्या पुढे जाते. त्याच टाकीत त्याच दाबाने हायड्रोजन भरला तर एक किलोही मावत नाही. हायड्रोजन हा वजनाने सर्वांत श्रीमंत इंधन आहे, एका किलोत सुमारे पावणेचार लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. पण तो इतका विरळ की त्याला कोंडायचे कोठे हा प्रश्न. वाशीहून पुण्याला निघालेली अशी गाडी खोपोलीच्या आसपास, बोरघाट चढण्यापूर्वीच रिकामी होईल. म्हणून टोयोटाने मिराईत दाब ७०० पटींपर्यंत नेला. त्यासाठी कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेल्या जाड टाक्या लागतात. साडेपाच किलो वायू ठेवण्यासाठी टाकीचेच वजन एका धडधाकट माणसाहून अधिक भरते, आणि तिची किंमत सामान्य मोटारीच्या अर्थकारणाला पेलणारी नाही. ते कार्बनचे धागेही बव्हंशी बाहेरूनच येतात, हे स्वदेशीचा जप करताना विसरून चालणार नाही.

जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने दुसरी वाट चोखाळली. २००६-०७ मध्ये तिने बारा सिलिंडरच्या इंजिनात हायड्रोजन जाळणाऱ्या शंभर मोटारी केल्या आणि वायूऐवजी उणे २५३ अंशांवर द्रवरूप केलेला हायड्रोजन टाकीत भरला. सुमारे आठ किलो हायड्रोजनवर ही गाडी दोनशे किलोमीटर जाई. गाडी आठवडाभर नुसती उभी ठेवली तरी टाकीतला द्रव हळूहळू वायू होऊन उडून जात असे. कोकणात गणपतीला गेलेल्या कुटुंबाने परत येऊन पाहावे तर टाकी कोरडी! जर्मन अभियंत्यांची ही गत, मग इतरांची काय कथा! टोयोटाने २०२१ पासून शर्यतीच्या मैदानात हायड्रोजन इंजिनाची कोरोला पळवली आहे, पण शर्यतीत दर काही फेऱ्यांनी इंधन भरणारी फौज दिमतीला असते, घरगुती मोटारीला ती कोठून मिळणार?

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. पाण्याचे विद्युत अपघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते. तो दाबून टाकीत भरण्याचा खर्च धरला तर साठ युनिट. त्या एका किलोत ऊर्जा असते ३३ युनिटांइतकी, आणि मोटारीच्या इंजिनाची कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या आसपास धरली तर चाकांपर्यंत पोहोचतात दहा युनिट. तीच साठ युनिट वीज बॅटरीच्या मोटारीत भरली तर चाकांपर्यंत ४५ युनिट सहज पोहोचतात. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर त्याच विजेवर लहान हायड्रोजन मोटार ६५ किलोमीटर जाईल आणि विजेची मोटार चारशेच्या घरात. ज्या देशात विजेचे एकेक युनिट मोलाचे आहे तेथे खारघरहून वांद्र्याला कचेरीत जाण्यासाठी ही सहापट उधळपट्टी कशी परवडावी?

दराचे गणित याहून वेगळे नाही. २०२५ मध्ये पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्याला हरित हायड्रोजन पुरवण्याचा जो भाव निविदेतून निघाला तो किलोमागे ३९७ रुपयांच्या आसपासचा होता. हा कारखान्याच्या दारातला भाव. त्यावर दाबण्याचा, वाहून नेण्याचा, पंपाचा खर्च आणि करांचा भार चढायचा आहे. एवढ्यावरच किलोमीटरला सहा रुपये होतात, म्हणजे पेट्रोलच्या गाडीला आज पडतात तितके. घरच्या विजेवर भरलेली गाडी दीड रुपयात तेवढेच अंतर कापते. जुन्या सिडको वसाहतींत गाडी उभी करायलाच जागा नाही, मग चार्जर कोठे लावणार, ही तक्रार रास्त आहे. पण ती पालिकेने आणि सोसायट्यांनी सोडवायची आहे, त्यासाठी रसायनशास्त्राला वेठीस धरण्याचे कारण नाही.

आणि हा हायड्रोजन येणार कोठून? आज देशात जो वापरला जातो तो जवळजवळ सारा नैसर्गिक वायूपासून निघतो, आणि त्या वायूपैकी जवळपास निम्मा पुन्हा आयातच होतो. त्या प्रक्रियेत किलोमागे नऊ-दहा किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे असल्या हायड्रोजनवर धावणारी मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा तसूभरही स्वच्छ नाही. ग्रिडच्या विजेवर हायड्रोजन केला तर परिस्थिती आणखी बिकट होते. देशाची वीज अजून मुख्यतः कोळशाची असल्याने किलोमागे चाळीस किलोच्या आसपास कर्बवायू बाहेर पडेल, किलोमीटरच्या हिशेबात पेट्रोलच्या पाचपट. नळीतून पाण्याची वाफ निघते म्हणून नेरुळचा नागरिक समाधानी राहील आणि धुराडे मात्र चंद्रपूरचे ओकेल. सूर्य आणि वारा यांच्या विजेवर केलेला हायड्रोजन तेवढा खरा हरित. पाणी फार लागेल अशी भीती अनेकांना वाटते. रासायनिक गरज किलोमागे नऊ लिटरची आहे, शुद्धीकरण आणि थंड ठेवण्याचे पाणी धरून ती वाढते, तरी अडचण विजेची आहे, पाण्याची नव्हे.

नळीतून केवळ वाफच निघते हेही पूर्ण सत्य नाही. इंजिनात हवा जाते आणि हवेत चार पंचमांश नत्रवायू असतो. ज्वलनाचे तापमान वाढले की नत्राची विषारी ऑक्साइडे तयार होतात. मिश्रणात हवेचे प्रमाण वाढवून ज्वाला थंड ठेवली तर ती पुष्कळ कमी होतात, पण मग शक्ती घटते. रासायनिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्या तुर्भे-कोपरखैरण्याच्या रहिवाशांना हा तपशील सांगणे आवश्यक आहे. सुरक्षेचा बागुलबुवा मात्र करू नये. हायड्रोजन हवेत चार टक्के असला तरी पेट घेतो, त्याची ज्वाला दिवसा जवळजवळ दिसत नाही, हे खरे. तसाच तो हलका असल्याने उघड्यावर क्षणात वर निघून जातो हेही खरे. धोका आहे तो बंदिस्त जागी, आणि आजच्या उंच इमारतींचे वाहनतळ नेमके तसेच असतात. जेथे वायुवीजन चांगले आहे, जेथे गळती ओळखणारी यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे आहेत, तेथेच तो ठेवावा.

अशी जागा कोणती, याचे उत्तर न्हावा शेवाकडे आहे. तेथून चाकणला जाणारा कंटेनर ट्रक रोज त्याच वाटेने जातो आणि त्याच तळावर परततो. त्याच्यासाठी गल्लोगल्ली पंप नकोत, एक कळंबोलीला आणि एक घाटमाथ्यापलीकडे असला तरी काम भागते. टाक्या चालकाच्या कक्षामागे उभ्या करायला जागा असते. इंजिन मोठे असल्याने आणि दिवसभर भाराखाली चालत असल्याने त्याची कार्यक्षमता मोटारीपेक्षा बरीच चांगली मिळते. बोरघाट चढताना टनावारी बॅटऱ्यांचे ओझे माल कमी करून वाहावे लागत नाही, इंधन मिनिटांत भरून होते. तरी येथेही स्पर्धा आहे. न्हावा शेवा बंदरात २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणारे विजेचे ट्रक दाखल झाले आहेत. कमी अंतरावर बहुधा तेच जिंकतील. लांब पल्ल्यावर आणि चढावर हायड्रोजनच्या इंजिनाला वाव आहे आणि त्याची परीक्षा तेथेच व्हावी.

त्याहूनही आधीचा हक्क खताचा आहे. थळसारख्या कारखान्यांत हायड्रोजन आजही लागतो. तेथे नवे इंजिन नको, टाकी नको, पंप नको. आयात वायूच्या जागी हरित हायड्रोजन आला की शेतकऱ्याचा युरिया स्वदेशी होतो. २०२५ च्या लिलावांत हरित अमोनियाचे भाव किलोमागे ५५ रुपयांच्या आसपास आणि त्याखालीही उतरले, ही या अभियानातील सर्वांत आशादायक घटना होय. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर ती आली नाही, कारण अमोनियाच्या टाकीला हिरवा झेंडा दाखवता येत नाही.

परदेशांतील अनुभव हेच सांगतो. शेल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील आपले मोटारींसाठीचे हायड्रोजन पंप बंद केले. स्टेलान्टिसने जुलै २०२५ मध्ये हायड्रोजन वाहनांचा कार्यक्रम गुंडाळला. हे फ्युएल सेलचे, म्हणजे इंजिनापेक्षा काटकसरी तंत्राचे झाले. यावरून भारताने संशोधनच थांबवावे असे कोणी म्हणणार नाही. कोल्हापूरच्या ओतशाळेने आणि पुण्याच्या संशोधकाने हे इंजिन हातात ठेवलेच पाहिजे, कारण ट्रक, बांधकामाची यंत्रे, विजेचे जनित्र अशा ठिकाणी त्याला उद्या मागणी येईल. परंतु १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यासाठी मंजूर केलेले ८,५६२ कोटी हे करदात्याचे पैसे आहेत. श्रीमंतांच्या खासगी मोटारीसाठी त्यातला एक रुपयाही जाऊ नये.

प्रायोगिक ट्रकांसाठी केंद्राने सुमारे २०८ कोटींचे साहाय्य मंजूर केले आहे. त्या बदल्यात काही गोष्टी मागण्याचा जनतेला अधिकार आहे. भरलेला ट्रक बोरघाट चढताना किलोमीटरला किती हायड्रोजन खातो, तो हायड्रोजन कोणत्या विजेवर तयार झाला, पंपावर त्याचा खरा भाव काय पडला, नळीतून नत्राची ऑक्साइडे किती निघाली, इंजिनाचे कोणते भाग देशात घडले आणि कोणते बाहेरून आले, ट्रक किती दिवस दुरुस्तीसाठी उभा राहिला. २००६ च्या आराखड्याचा असा ताळेबंद कधी लोकांपुढे आला नाही. पुणे-मुंबई मार्गाच्या चाचणीचा ताळेबंद मराठीत, ट्रकमालकाला आणि कळंबोलीच्या मिस्त्रीला वाचता येईल अशा भाषेत, केंद्राने आणि राज्याने प्रसिद्ध करावा. आकडे चांगले निघाले तर पुढचे ट्रक घ्यायला त्या ट्रकमालकाला कोणाच्या भाषणाची गरज पडणार नाही.